दोर धरलास ना, मिलिंद?

त्यांनी तुला फसवलं, आणि तू मला फसवलंस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे रडू आलं तरी मूळ मुद्दा सुटायचा नाही.

मिलिंद, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. सोलापुरातल्या बुधवार पेठेतला पोरगा पृथ्वीच्या टोकाला जाऊन वाऱ्याची आणि थंडीची नोंद ठेवत होता, समाजाचं नाव केलं, असं म्हणाले. मला बोलायला उठवलं तेव्हा मी म्हटलं, मी नंतर बोलेन. ते नंतर म्हणजे आज. दुपार आहे. भाकरी थापणाऱ्या बायका जेवून पडल्यात, चुली निवल्यात. रविवार आहे. रविवारी दुपारी तुझा फोन यायचा, म्हणून फोन समोर घेऊन बसले आहे. कळतं सगळं, तरी बसले आहे.

तुझं जायचं ठरलं ते सांगितलंस तेव्हा मी पीठ चाळत होते. तू उंबऱ्यावर बसलास, बूट न काढता.

"आक्का, माझी निवड झाली. बर्फातल्या केंद्रावर. एक वर्ष."

"कुटं, काश्मीरला?"

"त्याच्या लई वर. एक बेट हाय. सहा माणसं ऱ्हात्यात."

"आन् तितं करणार काय?"

"हितं करतो तेच. वारा, थंडी, हवेचा दाब. बघायचं आन् लिवायचं."

"मग हितंच बघ की. सोलापुरात काय हवा न्हाय व्हय?"

तू हसलास. मी हसले नाही. तुला माहीत आहे, मी ज्वारी घेताना पोत्याच्या तळापर्यंत हात घालते. वरचे दाणे सगळ्यांचेच चांगले असतात. आई-बाप गेल्यावर एका चुलीवर कडक भाकरी भाजून एसटी स्टँडवर विकायला बसले, तेव्हापासूनची ही खोड आहे. त्या दिवशी मी तुलाही पोत्यासारखं तपासलं. खायला काय, आजारी पडलास तर डॉक्टर कुठे, अस्वलं असतात तर बंदूक कुणाकडे. तू एकेक सांगत गेलास. मग मी विचारलं, तुझी यंत्रं कुठे असतात? तू म्हणालास, राहायच्या घरापासून दीडशे पावलांवर. मग तूच सांगून बसलास की वादळात तिथे स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, आणि हिवाळ्यात तीन-साडेतीन महिने सूर्य उगवतच नाही. दुपारचे बारा म्हणजेही अंधारच.

"मग जाणार कसा रं तू?"

"दोर असतो आक्का. दारापासनं यंत्रापतोर लोखंडी खांब रोवल्यात, त्याला दोर बांधलेला. जाताना धरायचा, येताना धरायचा. आंधळा बी जाऊन यील."

"त्यो दोर हातातनं सोडायचा न्हाय."

"न्हाय सोडणार."

"माज्या गळ्याची शपथ घे."

"आक्का, मी सरकारी नोकर हाय, शपथ काय घ्यायला लावती?" असं म्हणून घेतलीस मात्र. त्या एका दोरावर मी तुला पाठवलं.

पहिले काही महिने तू मला जे हसवलंस त्याबद्दल मी कधी बरं बोलले नाही. आज बोलते. तू सांगितलेलं एकही मी विसरले नाही. हवेत फुगा सोडताना त्याच्या दोरीत तुझा मफलर अडकला आणि फुगा मफलर घेऊन वर गेला. त्या दिवशी वरच्या हवेचे आकडे विचित्र आले, आणि साहेब तासभर यंत्र तपासत बसला. तू कबूल केलंस तेव्हा त्याने नवा मफलर दिला नाही, म्हणून मी इथून दोन पाठवले. मी दिलेली सोलापुरी चादर तू स्वतः पांघरलीच नाहीस. थंडीत बॅटरी बसते म्हणून ती यंत्राच्या बॅटरीला गुंडाळलीस. मी फोनवर ओरडले.

"माजी चादर यंत्राला? तुजी काय हाडं लोखंडाची हायत?"

"आक्का, मला थंडी सोसती. बॅटरीला न्हाय सोसत."

आणि ते अस्वल. कोठीचं दार फोडून आत शिरलं, डबे उचकटले, मासे खाल्ले, लोणी खाल्लं, माझ्या कडक भाकरीचा पुडा चघळून टाकला. मग शेंगाचटणीच्या डब्यात तोंड घातलं, आणि शिंकत शिंकत बर्फात लोळायला लागलं. तुम्ही पाच जण खिडकीतून बघत होता आणि बंदूक हातात घेऊन सहावा हसत होता. ही गोष्ट मी इथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. मोडनिंबच्या धाबेवाल्यालासुद्धा सांगितली. तो म्हणाला, मग चटणीत तिखट जरा कमी घाला की. मी म्हटलं, अस्वलासाठी मी चव बदलत नाही.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. रिकाम्या रकान्याचं. तू नोकरीला नवा होतास तेव्हा तापाने फणफणून एका सकाळची नोंद चुकलास. वहीत तो रकाना कोरा ठेवलास आणि वरून तुला जाब विचारणारं पत्र आलं. मी तुझ्यावर चिडले होते.

"आदल्या दिवशी काय होतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, मधला आकडा अंदाजानं टाकायचा. कोण मरतंय त्यानं?"

"जे बघितलं न्हाय ते लिवायचं न्हाय, आक्का."

"रिकामं दिसलं की मानूस संशय घेतं."

"घेऊ दे की. कोरं हाय म्हंजे त्या येळेला तितं कुणी नव्हतं, एवढं तर खरं कळतंय."

मला हे कधी पटलं नाही. धंद्यात गप्प बसलेल्या माणसाला लोक लुबाडतात. काहीतरी आकडा तोंडातून काढावाच लागतो. तुला मी शिकवू शकले नाही आणि तू मला. पुढच्या सुट्टीत बोलू, असं दर वेळी म्हणायचो.

आता शेवटच्या रविवारचं लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा फोन आला तेव्हा धाबेवाला समोर उभा होता. मी नेहमीप्रमाणे पहिलं विचारलं, "दोर धरतोस ना?"

"धरतो की."

मग म्हणालास, "आक्का, हितं एक गोष्ट झालीया..."

आणि मी म्हटलं, "थांब जरा, गिऱ्हाईक हाय."

"कर तू भाव. मी ऐकतो," असं म्हणालास तू.

मी फोन पालथा ठेवला पण बंद केला नाही. धाबेवाल्याला शेकड्यामागे पाच भाकरी जादा हव्या होत्या, वाटेत मोडतात म्हणून. मी म्हटलं, मोडतात त्या तुमच्या गाडीच्या धक्क्याने, माझ्या हाताने नाही. तो म्हणाला, सुशीलाबाई, तुमच्यापेक्षा वकील बरा. मी म्हटलं, मग वकिलाकडून घ्या भाकरी, तो काळ्या कोटात बांधून देईल. फोनमधून तुझं हसणं ऐकू येत होतं. मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी ताणलं. दोन भाकरींवर मिटत होतं, ते मी एकीवर आणलं. तेवढ्यात लाईन गेली. परत लागली नाही. मी म्हटलं, असू दे, पुढच्या रविवारी.

पुढचा रविवार आलाच नाही. चौथ्या दिवशी तुझ्या खात्यातून फोन आला.

तुझी शवपेटी थॉमस घेऊन आला. तुमचा स्वयंपाकी, माझ्या भाकरीला तिथे 'सोलापुरी पापड' म्हणणारा. तुमचा साहेबही त्याच विमानाने आला, पण दिल्लीला उतरला तो उतरलाच. सोलापूरपर्यंत आला नाही. त्याने थॉमसच्या हाती पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की सुरक्षेची सर्व साधने जागेवर असताना, सूचना न पाळता, तू एकटा वादळात बाहेर गेलास. तुझा देह दारापासून चाळीस पावलांवर मिळाला, डावीकडे, जिथे ना घर आहे ना यंत्र.

मी ते पत्र वाचलं आणि मिलिंद, मी तुझ्यावर चिडले. पेटीसमोर बसून मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. दोर होता. शपथ होती. मग सोडलास का? लोक त्रिशरण म्हणत होते आणि मी तुझ्याशी भांडत होते. हे भांडण मी पंधरा दिवस केलं. जेवताना केलं, भाकरी थापताना केलं. बायका एकमेकींकडे बघायच्या, पण विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मग एकदा तुझी पिशवी उघडली. वरती तो जाड कोट होता, तुझ्या अंगावर होता तोच. धुवायला टाकावा म्हणून खिसे तपासले. आतल्या खिशात तुझी छोटी वही, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. तुझं अक्षर दिसलं म्हणून मी बघत बसले. मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही. तारीख, वेळ, मग पाच-सहा रकाने, शेवटी शेऱ्याचा रकाना. रोज दुपारी बाराची पाळी तुझी. शेऱ्यात कधी 'बर्फ', कधी 'धुकं', एकदा 'भालू'. सगळं हिंदीत, तिथल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून. आठवड्याच्या शेवटी पानाखाली साहेबाची सही.

पानं उलटता उलटता एका ठिकाणी शेरा आला: रस्सी नहीं.

दुसऱ्या दिवशीही: रस्सी नहीं. तिसऱ्या दिवशी: रस्सी नहीं, रस्सी माँगी. मी बोट ठेवून मोजले. अठरा दिवस. त्यात तीन वेळा मागितल्याची नोंद. त्या अठरा दिवसांत दोन रविवार आले, आणि दोन्ही रविवारी मी विचारलं, दोर धरतोस ना? दोन्ही वेळा तू मला म्हणालास, धरतो की.

न बघितलेला आकडा आयुष्यात कधी लिहिला नाहीस, आणि माझ्याशी खोटं बोललास. वहीला खरं सांगितलंस, बहिणीला नाही.

मी थॉमसला फोन लावला. मी ओरडले नाही, तेव्हा तो घाबरला असावा. मग हिंदीत सांगत गेला. मोठ्या वादळात डिझेलच्या पिंपांचे पट्टे तुटले, पिंपं घरंगळायला लागली. साहेबाने तुमचा दोर सोडवून पिंपं बांधायला लावली. दोन दिवसांसाठी. नवा दोर पुढच्या विमानाने येणार होता. विमान आलं, त्यात दोर नव्हता. एकट्याने जायचं नाही अशी सूचना होती खरी, पण तुमच्यातल्या दोघांची बोटं थंडीने सुजली होती. "दीदी, उस महीने सब अकेले ही जाते थे," असं तो म्हणाला.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी बाहेर वारा घर हलवत होता, आणि आत पडद्यावर वारा शून्य दाखवत होता. वारा मोजायच्या वाट्या बर्फाने गच्च बसल्या होत्या. साहेब जेवणाच्या टेबलावर म्हणाला, वरून विचारणा होतेय, शून्य कसा? एवढंच म्हणाला. जा म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही. तू उठलास, कोट चढवलास. वाट्यांवरचा बर्फ ठोकून काढायला गेलास, कारण शून्य खोटा होता आणि तुला तो सोसवेना.

त्यानंतर मी वहीचं शेवटचं पान काढलं. तुझी एक पद्धत थॉमसने सांगितली: बाहेर हातमोज्यांत फार लिहिता येत नाही, म्हणून तारीख, वेळ आणि दारातून दिसतं ते तू आतच लिहून निघायचास. आकडे फक्त बाहेर. शेवटच्या ओळीत तारीख आहे. बारा वाजल्याचं आहे. आकड्यांचे सगळे रकाने कोरे आहेत. आणि शेऱ्यात, नीट, न घाईने लिहिलेलं: रस्सी नहीं.

पेन्सिल तिथेच होती. त्या कोऱ्या रकान्यांकडे मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. काहीतरी भरावंसं वाटत होतं. नाही भरलं. घे, ते भांडण तू जिंकलास.

तू मला का सांगितलं नाहीस, तेही मला कळलंय. प्रशिक्षणाला होतास तेव्हा मेसची डाळ पाण्यासारखी आहे असं एकदा बोलून गेलास, आणि मी तुझ्या वॉर्डनला फोन करून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पोरं वर्षभर तुला 'आक्काची डाळ' म्हणून चिडवत होती. दोर नाही म्हणाला असतास तर मी काय केलं असतं? तुझ्या साहेबाला, त्याच्या साहेबाला, सगळ्यांना झोडपलं असतं. तू त्या लाजेला भ्यालास. माझ्या तोंडाला भ्यालास. आणि तरी त्या रविवारी सांगायला निघाला होतास, तेव्हा मी एका भाकरीसाठी ताणत बसले. पोत्याच्या तळापर्यंत हात घालणारी मी, तुझ्या 'धरतो की'वर समाधान मानून बसले.

त्यांनी तुझ्या खात्याचा एक माणूस पाठवला. वयाने लहान, बोलायला गोड. माझ्याच बाकावर बसून चहा प्यायला आणि कागद पुढे केला. अपघात सूचना न पाळल्यामुळे झाला हे मला मान्य आहे, असं त्यावर होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"ताई, नुसती औपचारिकता आहे."

"मग ती तुमीच करा की. पेन देऊ?"

"सहीशिवाय फाईल पुढे सरकत नाही."

"ऱ्हाऊ द्या तितंच. माजा भाऊ बी सरकत न्हाय."

तो गडबडला. कागदावर बोट फिरवून हळूच म्हणाला, "'सूचना न पाळता' काढून 'स्वेच्छेने' असं घातलं तर? मी वर बोलून बघतो."

बघ मिलिंद, माझ्याशी घासाघीस. सगळं सोलापूर ज्या बाईला भिऊन भाव करतं तिच्याशी. एरवी मी त्याला तासभर नाचवला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा मी एकच भाव सांगितला आणि खाली आले नाही.

"'दोर नव्हता' असं लिवा. मग सही करते."

त्याच्यापुढे वहीच्या पानांची झेरॉक्स टाकली. मूळ वही ज्वारीच्या पिठाच्या डब्यात आहे. तिथे कोण हात घालतंय? त्याने पानं बघितली, सह्या बघितल्या, आणि चहा अर्धा टाकून उठला. त्याचा दोष नाही. जाताना तो दारात थांबला आणि मला नमस्कार करून गेला.

तेव्हापासून मीही एक वही केली आहे. साहेबाचा दिल्लीचा नंबर थॉमसने दिला. रोज दुपारी बारा वाजता, तुझ्या नोंदीच्या वेळेला, मी फोन लावते. भाकरी तव्यावर असली तरी लावते. पहिल्या दिवशी त्याने उचलला आणि नाव ऐकून ठेवला. नंतर उचलत नाही. मी वहीत तारीख लिहिते, बारा लिहिते, आणि शेऱ्यात लिहिते: उत्तर नाही. अंदाजाने काही भरत नाही. आज नववा दिवस. रविवारी ऑफिस बंद असतं, तरी लावला.

संध्याकाळी बायका घरी गेल्या की खोलीत फक्त तुझा कोट असतो, खुंटीला. मी जेवताना अजून चुकून विचारते, दोर धरलास ना?

तुला आता विचारून उपयोग नाही. म्हणून तुझ्या साहेबाला विचारते, आणि तो फोन उचलत नाही म्हणून इथे पेपरात छापून विचारते. साहेब, माझ्याजवळ दोन कागद आहेत. तुमच्या पत्रात लिहिलंय की सुरक्षेची सर्व साधने जागेवर होती, म्हणजे दोरही होता. माझ्या भावाच्या वहीत लिहिलंय की दोर नव्हता, आणि त्या पानांखाली तुम्ही दोन आठवडे सही केली आहे. दोन्हीकडे सही तुमचीच आहे. त्यातली खोटी कुठली, ते मला लेखी कळवा.